कील ठोकणारे पोतनीस सर

पोतनीस सरांसमोर 'अपडेट' हा शब्द काढू नये. आईवरून शिवी दिल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. मोबाइलवर अपडेटची सूचना आली की ते मोबाइल पालथा घालून ठेवतात. एकदा एका नव्या प्राध्यापकाने उत्साहाने विचारलं, "सर, नवीन व्हर्जन आलंय, टाकून देऊ या?" सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "जुन्याने तुमचं काय बिघडवलंय?"

सिमरोलच्या रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते कंप्युटर सेंटर सांभाळतात. मी तिथे कंप्युटर विकायला जायचो. ते का सुटलं हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही, कारण आठवलं की अजून डोकं तापतं.

परदेशीपुऱ्यात दुसऱ्याच्या टपरीत कीबोर्डमधला कचरा काढण्यापासून मी सुरुवात केली. आज राजवाड्याजवळ माझं स्वतःचं दुकान आहे. कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. त्या कॉलेजच्या सबंध लॅबची ऑर्डर मी अख्खा उन्हाळा डायरेक्टरांशी घासाघीस करून पक्की केली होती. सह्या व्हायच्या तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "नवे कशाला? जुने चालतील की."

ते पोतनीस. मग त्यांनी सगळ्यांना नोटबुक समजावलं. हे कागदाचं नव्हे. ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, त्यात कोड लिहायचा, बटण दाबलं की उत्तर त्याच पानावर. सगळा भार वरच्या मजल्यावरचा सर्व्हर उचलतो. पोरांच्या समोरचा कंप्युटर फक्त पान दाखवतो, त्यामुळे तो म्हातारा असला तरी बिघडत नाही. डायरेक्टर खूश. माझी ऑर्डर गेली. बाहेर आल्यावर मी पोतनीसांना गाठलं आणि जे सुचेल ते बोललो. ऐकून घेतलं त्यांनी. भावाला हाक मारावी तसं म्हणाले, "भिया, चहा घेणार?"

चहा घेतला. राग आपल्या जागी, चहा आपल्या जागी.

त्यानंतर जुनी मशिनं दुरुस्त करायला माझं तिथे जाणं होत राहिलं, आणि हा माणूस मला दिसायला लागला. सर्व कोर्सेसना एकच एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कोड चालायला लागणारा सगळा संच, देऊन मोकळं होणं त्यांना मंजूर नाही. प्रत्येक कोर्सचं वेगळं बिऱ्हाड. हा त्यांचाच शब्द. सिव्हिलवाल्यांना वेगळ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, स्टॅटिस्टिक्सवाल्यांना वेगळ्या. आणि एकदा सगळं जमलं, की प्रत्येक लायब्ररीचं व्हर्जन जिथल्या तिथे पक्कं करून टाकायचं, म्हणजे सेमिस्टरभर काही हलणार नाही. ते झालं की खिळा ठोकल्यासारखे दोन्ही हात झटकून म्हणायचं, "ठोक दी कील!"

बिऱ्हाड मागायला आलेल्या प्राध्यापकाची ते अशी चौकशी करतात, की मुलगी बघायला आलेले लोक परवडले. मुलं कुठल्या वर्षाची? याआधी कोड लिहिलाय का? आलेख काढणार की नुसती आकडेमोड? एक मॅडम वैतागून म्हणाल्या, "सर, मला सगळंच टाकून द्या ना, जे असेल ते."

"मॅडम," पोतनीस म्हणाले, "चार माणसांच्या घरात लग्नाची भांडी ठेवली तर माणसं झोपणार कुठे?"

स्वतःच्या आयुष्यालाही त्यांनी अशीच कील ठोकलेली. शर्ट तोच राखाडी. स्कूटर तीच, जिला मी दर खेपेला शिव्या देतो, कारण ती माझ्या गाडीच्या आडवी लागलेली असते. डब्यात भेंडी. मी एकदा म्हटलं, "साहेब, कधी तरी दुसरी भाजी आणा." तर म्हणे, "भेंडी चालतेय ना? मग?" लग्न केलेलं नाही. देवासला बहीण आहे, ती दिवाळीला बोलावते. संध्याकाळी सगळे बसकडे पळतात तेव्हा हे आरामात सर्व्हरवरची धूळ पुसत असतात. मी विचारलं तर म्हणाले, "घर कुठे जातंय?"

त्यांची खोली सगळ्यात वर, पाण्याच्या टाकीशेजारी. लिफ्ट तिथवर जात नाही. आत सर्व्हरची घरघर, एक टेबल, आणि शेवेचा भलामोठा डबा. सर्व्हरच्या खोलीत खाणंपिणं मना आहे अशी पाटी त्यांनीच लावलीय, आणि डबा पाटीच्या बरोबर खाली.

यंदाच्या सेमिस्टरच्या तोंडावर डायरेक्टरांचा फोन आला. "जाधवजी, हर बार पहले दिन कुछ न कुछ अटकता है। पोरं तक्रार करतात, आता तर आईबापही फोन करतात. बाहेरच्या कंपनीची रेडीमेड सर्व्हिस घेऊन टाकू, तुमच्यामार्फत. पोतनीसांना परीक्षा विभागात बसवू, वरची खोली बंद. पहिल्या दिवशी तुम्ही लॅबमध्ये बसून बघा आणि काय ते सांगा."

मी खोटं कशाला बोलू? दुकानात सगळ्यांना जलेबी वाटली. गेलेली ऑर्डर दुसऱ्या दाराने परत येत होती, आणि तीही ज्याने घालवली त्याच्याच चुकीने.

पहिल्या दिवशी मी लॅबमध्ये मागच्या बाकावर बसलो. पोरांनी नोटबुकं उघडली. सगळं सुरळीत. मग माझ्या पुढच्या मुलीने एक ओळ चालवली आणि पान थांबलं. एक लायब्ररी सापडत नव्हती. खाली लाल अक्षरात, चक्क आपल्या भाषेत आलं: 'ही वस्तू इथे नाही. ऊपर आ जाओ. — पोतनीस'.

मुलगी पाय आपटत वर गेली. थोड्या वेळाने आली ती मुठीत शेव घेऊन, हसत. तिच्या एकटीच्या खात्यात ती लायब्ररी आली होती, तिचं काम सुरू झालं. तेवढ्यात दुसऱ्याचं थांबलं. तो गेला, शेव खात आला. मग तिसरा. दुपारनंतर दुसऱ्या कोर्सची मुलं आली. त्यांच्या बिऱ्हाडातही एकच वस्तू नव्हती, पण वेगळी. आणि तिथेही तेच लाल अक्षर, तेच बोलावणं.

मी दुकानदार आहे. एखादी वस्तू मुद्दाम आत ठेवून 'उद्या या' म्हणणं काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको. लॅब सुटल्यावर मी जिना चढलो, तो तापलेलाच.

"साहेब, ही विसरभोळेपणाची चूक नाही. सगळं ठोकून बसवणारा माणूस दर कोर्समध्ये नेमकं एकच कसं विसरतो? तुम्ही हे मुद्दाम करता!"

पोतनीस डब्याचं झाकण लावत होते. लागत नव्हतं. बराच वेळ तेच करत राहिले.

"पहिल्या सेमिस्टरला सगळं बरोबर केलं होतं," ते म्हणाले. "एकही पोरगं अडलं नाही. मग कोण कशाला येणार? परीक्षा झाल्या, सुट्टी लागली. चौकीदार कुलूप घेऊन आला आणि मलाच विचारतो, साब, ये कमरा किसका है?"

मला भांडायचं होतं. जिभेवर आलेलंही होतं सगळं. पण समोरचा माणूस भांडतच नसेल तर करायचं काय?

"खोली बंद करतायत तुमची," मी म्हणालो. डायरेक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. "आत्ताच्या आत्ता सगळ्या कोर्समध्ये ते टाका. मी बसलोय."

ते वळले आणि एकेक बिऱ्हाड उघडून राहिलेली वस्तू टाकत गेले. मी मागून बघत होतो. शेवटचं झालं तेव्हा हात झटकले नाहीत, 'ठोक दी कील'ही म्हणाले नाहीत.

मी तिथूनच डायरेक्टरांना फोन लावला. "सगळं चालतंय. बाहेरची सर्व्हिस कशाला, फुकटचा खर्च." आणि सवयीने पुढची घासाघीसही केली: "उलट पोतनीस सरांचं टेबल खाली लॅबमध्ये लावा. पोरांच्या मध्ये." डायरेक्टर म्हणाले, उद्याच लावतो.

फोन ठेवला. पोतनीस मान हलवत होते.

"टेबल नको, भिया."

"अहो, पोरं असतील तिथे! बोलतील, विचारतील!"

"आणि नाही विचारलं तर?" ते म्हणाले. "वर बसलो की निदान जिन्याचं कारण आहे."

मी डबा पुढे ओढला. एकाच माणसाने माझी ऑर्डर दोनदा बुडवली होती, आणि मी त्याच्याच खुर्चीत बसून त्याची शेव खात होतो. सर्व्हर घरघरत होता. खाली बस निघाल्याचा आवाज आला, मग पोरांचा गलका लांब गेला, मग तोही नाही.

"मला शिकवा हे," मी म्हणालो.

"काय?"

"नोटबुक. इतकी वर्षं मशिनं विकतोय, आत काय चालतं ते ठाऊक नाही. शिकवा. पण पटकन."

"पटकन नाही येत ते," पोतनीस म्हणाले. "रोज यावं लागेल."

"रोज? दुकान कोण बघणार? शनिवारी येईन."

"शनिवार आणि बुधवार."

"शनिवार."

"बुधवारी अर्धा तास तरी," ते म्हणाले. बाजारात भाव न विचारता भेंडी उचलणारा माणूस माझ्याशी घासाघीस करत होता. आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मी बराच आखडून धरल्यासारखं केलं. मग बुधवार देऊन टाकला.