रायाजीरावांचे अंगरख्याचा दोर

श्रीचरणी मस्तक ठेविले, आणि जे पाहिले ऐकिले ते तिखटमीठ न लाविता लिहिले. कोणी रुसला तर रुसो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमीस एके राज्यी रायाजीराव लांबे यांणी कडीचेंडूची चाकरी सोडली. कडीचेंडू म्हणजे उंच टांगिले कडीतून चेंडू टाकावयाचा खेळ. राव साडेचार हात उंच, हुजूरचे पथकात बहुत वर्षे खेळिले, आणि तनखा वाढत वाढत लक्ष होनांवर गेला, मग जोडेवाले सावकार येऊन म्हणाले, "रावसाहेबी आमचाच जोडा पायी घालावा, त्याचे दोन लक्ष वेगळे देऊ," आणि सरबतवाल्यांनी एक घोट चारचौघांत प्यावयाचे तितकेच दिधले, आणि आता चाकरी सुटली तरी झोपाळ्यावर बसोन मिळकत चालूच.

हे सुभानजी खराडे यांसी साहवेना. सुभानजी त्याच पथकातील. गडी चुकवून चेंडू रावांचे हाती द्यावा, इतुकेच त्यांचे काम. राव कडीत टाकीत, आणि रिवाजाप्रमाणे चेंडू देणाराकडे बोट करीत, आणि लोक बोट सोडून रावांकडेच पाहात. सुभानजींस वाटे, बोट करितो ते आम्हांस खिजवावयास. मग घरी येऊन म्हणत, "चेंडू आम्ही द्यावा, होन त्याणी घ्यावे. पाय आम्हांसही दोनच, पण आमचे जोड्यास कोणी विचारीत नाही." कुटुंब सगुणाबाई म्हणत, "अहो, आपले काय कमी आहे? मग पोटात दुखते कशास?" तेणे अधिकच दुखे. आणि निरोपाचा रिवाज ऐसा की, नामांकित खेळियाचा अंगरखा मैदानावरील मांडवाचे आढ्यास चढवावा, आणि दोर ओढावयास त्याने आपले पसंतीचा असामी बोलवावा, त्यास एक गाव इनाम, आणि त्याचे नाव दरवाजावरील दगडी कोरावे. सुभानजींनी चावडीवर शपथ घेतली, "त्या मांडवी आमची पायधूळ पडणार नाही. पडली तर मिशी उतरवू." आणि दिवस उगवला तो जीव राहीना, मग तोंडास शेला गुंडाळून गेले आणि मागील रांगेत बसले, तो शेजारी नेमके चावडीवर शपथ ऐकिलेले नारोपंत.

मग राव उभे राहिले आणि बोलिले, "माझे होन सर्वांनी पाहिले. ते ज्याचे हातून आले तो सुभानजी. सुभानदादा, या, दोर तुम्हीच ओढा." आणि बोट उचलिले, परंतु करावे कोणीकडे ते न कळे, म्हणोन चहूंकडे फिरविले. सुभानजींचे डोळा पाणी आले. जन्मभर हेच ऐकावयाचे होते. उठावे तर शेला सुटतो, मिशी जाते, चावडीवर छी थू होते. इतक्यात नारोपंत कानाशी म्हणाले, "आला नाही तेच बरे. फार जळका मनुष्य." सुभानजींनी शेला आणखी घट्ट ओढिला. रावांनी पुन्हा हाक मारिली, वाट पाहिली, आणि खिन्न होऊन देवडीवरील पहारेकरी धोंडी यास म्हणाले, "बाबा, तूच ओढ." धोंडीने ओढिला, गाव घेतला, नाव कोरविले.

सुभानजी घरी आले. सगुणाबाईंनी विचारिले, "काय जाहले तेथे?" म्हणाले, "आम्ही गेलोच कोठे?" आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

येणेप्रमाणे रायाजीरावांची चाकरी आणि मिळकत जाहली. सुभानजींस आजवर एकाचा हेवा होता, तो दोघांचा जाहला. रावांचा थोडा कमी, धोंडीचा फार.