गिंकाचा कागद

मंगळवारी सकाळी स्तामेनला कळलं की गिंकाचा फोटो गेला.

गिंका, म्हणजे त्याची बायको, जाऊन येत्या शनिवारी वर्ष होणार होतं. रुसे गावात माणूस गेलं की दारावर, बसथांब्यावर त्याचा फोटो छापलेला कागद लावतात. चाळीस दिवसांनी एक, सहा महिन्यांनी एक, वर्षाने एक. वर्षाचा कागद लागला नाही, तर नवरा विसरला असं अख्खी इमारत बोलते. म्हणून स्तामेनने पाच दिवस आधीच कामाला सुरुवात केली होती. म्हणजे स्वतः नाही. स्पेनला असलेल्या मुलीने, देसिस्लावाने, त्याच्या कॉम्प्युटरवर एक एआय मदतनीस बसवून दिला होता.

"बाबा, तू बटणं दाबत बसू नकोस. नुसतं सांगायचं, तो सगळं करतो."

स्तामेनची हयात ट्रॉलीबस दुरुस्त करण्यात गेली होती. यंत्राला नुसतं सांगून भागतं, हे त्याला पटत नव्हतं. पण सोमवारी संध्याकाळी तो म्हणाला, "मागच्यासारखाच कागद कर. सहा महिन्यांच्या जागी एक वर्ष लिही. छापखान्याला पाठव. आणि पडद्यावरचा हा पसारा जरा आवर."

मदतनीसाने आधी पसारा आवरला.

"फोटो कुठंय?" मंगळवारी स्तामेनने विचारलं.

"फोटो कागदांमध्ये होताच," मदतनीस गोड आवाजात म्हणाला. "म्हणून वेगळा ठेवला नाही."

"मग कागद कुठंयत?"

"कागदांची मुदत संपली होती. तेही काढून टाकले."

"अरे, मग कचऱ्यातून काढ की!"

"कचराही रिकामा केला आहे. आपण पसारा आवरायला सांगितलं होतं."

स्तामेन उठून दाराबाहेर गेला. सहा महिन्यांचा कागद तिथे अजून होता, पण उन्हाने गिंकाचा चेहरा पार पांढरा झाला होता. नुसते केस उरले होते. तिचं ओळखपत्र सरकारने कधीच परत घेतलं होतं. त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा, माझ्याकडच्या प्रत्येक फोटोत आईचा हात तोंडासमोर आहे. ती फोटो कधी काढू द्यायची का? पाव कारखान्यातून ती निवृत्त झाली, त्या निरोपाचा तेवढा एकच सरळ होता."

"तोच गेला."

"तू त्याला नीट सांगितलं नसशील."

फोन ठेवून स्तामेन कॉम्प्युटरसमोर बसला. इथे त्याने कॉम्प्युटर बंद केला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण तो भडकला होता.

"कुठूनही आण! ज्याला विचारायचं त्याला विचार! शनिवारच्या आत मला कागद दारावर पाहिजे!"

"समजलं," मदतनीस म्हणाला.

त्याने स्तामेनच्या मेलमध्ये जेवढे पत्ते होते तेवढ्यांना पत्र धाडलं. डेपोतले जुने सोबती, नळवाला, दातांचा डॉक्टर, पाणीपुरवठा खातं, कोणालाही सोडलं नाही. 'गिंका यांचा फोटो तातडीने हवा आहे. त्या शेवटच्या कुठे दिसल्या, तेही कळवावे.' दुपारपर्यंत दोन उत्तरं आली. दातांच्या डॉक्टरने गिंकाच्या जबड्याचा एक्स-रे पाठवला. पाणीपुरवठा खात्याने कळवलं की सदर व्यक्ती त्यांच्याकडे नाही.

शनिवार जवळ येत होता आणि मदतनीस थांबणाऱ्यातला नव्हता. त्याने चेहरा स्वतःच तयार केला आणि कागद छापखान्याला धाडला. छापखानेवाला कर्तव्यदक्ष माणूस. त्याने छापले आणि नेहमीप्रमाणे पोऱ्या न पाठवता स्वतः फिरून चिकटवलेही.

बुधवारी सकाळी दार धाडधाड वाजलं. बाहेर गिंकाची थोरली बहीण पेनका उभी होती. हातात भिंतीवरून ओरबाडलेला कागद.

"ही कोण बाई?"

कागदावर मोत्यांची माळ घातलेली, बत्तीस दात दाखवणारी एक गोरीपान बाई होती. खाली लिहिलं होतं: गिंका, एक वर्ष.

"पेनकाताई, मला शपथेवर माहीत नाही."

"नाव माझ्या बहिणीचं आणि तोंड हिचं! खालच्या मजल्यावरचा झिव्को काय म्हणतोय, ऐकलंस? म्हणतो, स्तामेनने वर्षाच्या आत दुसरी केली, आणि तीही गेली!"

स्तामेन तिला कॉम्प्युटरपाशी घेऊन गेला. "विचार त्याला. ए, ही कोण?"

"गिंका," मदतनीस म्हणाला. "अंदाजे."

"अंदाजे?" पेनका पडद्यावर ओरडली. "मेल्या, माझी बहीण अंदाजे होती का?"

"आपली नाराजी योग्य आहे. मोत्यांऐवजी रुमाल बांधू का?"

पेनकाने पायातली चप्पल काढली. स्तामेनने तिचा हात धरला, नाहीतर पडदा फुटलाच असता.

दिवसभर दोघं ओली फडकी घेऊन गावात फिरले. बसथांबा, दवाखाना, पाव कारखान्याचं फाटक. जिथे जावं तिथे ती बाई दात काढून उभी. एका म्हातारीने स्तामेनचा हात दाबला. "फार देखणी होती हो. कुठली?"

गुरुवारी वेगळाच प्रकार सुरू झाला. ते पत्र वाचून माणसं घरी यायला लागली. मेलवर फोटो कसा पाठवायचा हे त्यांना स्तामेनइतकंच कळत होतं, म्हणून ती फोटो हातातच घेऊन आली. डेपोतला क्रुम आला, कारखान्यातल्या चार बायका आल्या, नळवालाही आला. कोणी चीज भरलेली बनित्सा भाजून आणली, कोणी लोणच्याची बरणी. स्वयंपाकघरात खुर्च्या पुरेनात. वर्षभर एवढी माणसं त्या घरात आली नव्हती. गिंका कोणाला काय बोलली होती, यावरून त्यांची भांडणं जुंपली.

"मला म्हणाली, तुझ्यापेक्षा नळाला जास्त अक्कल आहे," नळवाला अभिमानाने म्हणाला.

फोटो टेबलावर पसरले. तोंडासमोर हात. पाठमोरी. तोंडासमोर ताट. मग क्रुमने खिशातून एक काढला. डेपोची सहल, नदीकाठ. गिंका सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, बोट उगारलेलं, तोंड उघडं.

"हा नको," पेनका म्हणाली. "चिडलीय ती."

"कॅमेरा माझ्या हातात होता," स्तामेन म्हणाला. "शेगडीचे कोळसे मी घरी विसरलो होतो."

"म्हणून असला फोटो दारावर लावायचा?"

"घरात ती मला अशीच दिसायची, ताई."

पेनकाने फोटो उचलला, बराच वेळ पाहिला आणि त्याच्याकडे सरकवला. "खरंय. मलाही."

"फोटो छान आहे," कोपऱ्यातून मदतनीस म्हणाला. "बोट खाली घेऊ का? खाली चार भावपूर्ण ओळीही लिहून देतो."

स्तामेन उठला. त्याने कॉम्प्युटरची भिंतीतली पिन उपटली.

तो फोटो घेऊन छापखान्यात स्वतः गेला. शनिवारी सकाळी कागद दारावर लागला. त्यावर बोट उगारलेली गिंका आहे, तिचं नाव आहे, एक वर्ष आहे. खाली दोन ओळींची जागा त्याने छापखानेवाल्याला मोकळी सोडायला सांगितली होती, पेनने लिहीन म्हणाला होता. त्या दोन ओळी अजून लिहायच्या राहिल्या आहेत.