चार इंचांची चोरी

“लिहा, जावईबापू,” सासरे म्हणाले. “ज्याच्या नजरेतून मुंगीचा लंगडा पायही सुटत नाही, ज्याची चाहूल लागताच कुलपं आपणहून उघडतात, तो महान शोधक सकाळी दहा वाजता गच्चीवर अवतरला.”

मी लिहिलं. महान शोधक त्याआधी दोनदा चुकीच्या मजल्यावर अवतरला होता, ते मात्र लिहू दिलं नाही. सासऱ्यांनी तीस वर्षं दुकानदारांची वजनं तपासली. निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात. यांनी डोकं लावलं, तेही दुसऱ्यांच्या भानगडीत. इतरांच्या घरी जावयाला बसायला खुर्ची मिळते. मला मोजायची टेप मिळते.

प्रकरण असं. सात मजली ऑफिसच्या गच्चीवर नवी फरशी बसली होती. ही सिमेंटात बसवत नाहीत. खाली प्लॅस्टिकचे टेकू मांडायचे, त्यांवर फरश्या नुसत्या ठेवायच्या. पाणी फटींतून खाली जातं, माणसं वर कोरडी बसतात. काल मॅनेजर तिथे चाकांच्या खुर्चीत बसून उद्घाटनाचं भाषण घोकत होते. तिसऱ्या वाक्याला खुर्ची निघाली. दारापासून थेट समोरच्या कठड्यापर्यंत गेली, मॅनेजरसकट आणि भाषणासकट. मोजलं तर कठड्याजवळची फरशी दाराजवळच्यापेक्षा चार इंच खाली.

“मिस्त्रीने उंच टेकू लांबवले आणि बुटके लावले,” मॅनेजर आम्हाला म्हणाले. “पाच वाजेपर्यंत पुरावा द्या. मग याला हाकलतो. या धंद्यात पुन्हा कुठे उभा राहणार नाही अशी सोयही करतो.”

मिस्त्री तिथेच उभा होता. पन्नाशीचा माणूस, पँट दोन्ही गुडघ्यांवर विरलेली. तो बोलायला गेला, तर मॅनेजरनी हातानेच थांबवलं. माझं डोकं तिथेच फिरलं. चोर म्हणायला या लोकांना पुरावा लागत नाही. हाकलायला लागतो, आणि तोही पाचच्या आत.

सासऱ्यांनी आधी खुर्ची उलटी करून चाकं हुंगली.

“तेल आहे.”

“चाकांना असतंच, बाबा.”

“असतंच, असं आपण धरून चालावं, हीच तर गुन्हेगाराची इच्छा.”

मग त्यांनी समोरच्या इमारतीवर अर्धा तास नजर रोखली. “किती ताठ उभी आहे बघा. एवढं ताठ कोण उभं राहतं? ज्याने शेजाऱ्याला वाकवलंय तो.”

“इमारतीने इमारत वाकवली?”

“तुम्ही लिहा.”

दुपारी त्यांनी टेकू मोजायला काढले. म्हणजे मी आणि मिस्त्रीने फरश्या उचलायच्या, सासऱ्यांनी आकडा पुकारायचा. नव्वद फरश्या उचलल्या, परत ठेवल्या. एकशे बारा टेकू, आणि प्रत्येक बरोबर सहा इंच.

“सुटला बिचारा,” मी म्हणालो. “बुटका टेकू एकही नाही.”

सासरे हसले. “एकशे बारा साक्षीदार, आणि सगळ्यांचा जबाब शब्दशः सारखा? जावईबापू, हे पढवलेले आहेत.”

मॅनेजरनी जोरात मान हलवली. “मला पहिल्यापासून हाच संशय होता.” साडेचार वाजले होते. मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

तेवढ्यात सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या. दारापासून कठड्यापर्यंतची शेवटची रांग तेवढी परत झाकायची राहिली होती.

“पाय घ्या बाजूला,” म्हणत त्यांनी दाराशीच बादली ओतली. पाणी टेकूंमधून वाट काढत सरळ कठड्याजवळच्या जाळीत गेलं.

सासरे गुडघ्यांवर बसले. “पळालं. कोणाच्या सांगण्यावरून?”

“ढाळाच्या,” मावशी म्हणाल्या. “छत बांधतानाच उतार देतात, पाणी साचू नये म्हणून. अकरा वर्षं धुतेय मी हे. सगळे टेकू सारखे लावल्यावर खाली उतार तर वरही उतारच येणार ना?”

तेव्हा मिस्त्रीने तोंड उघडलं. “मी फिरकीचे मागितले होते. फिरवले की हवे तेवढे उंच होतात. दाराशी सहा इंच, तिकडे दहा.”

“मग हे कोणी निवडले?” मी विचारलं.

मिस्त्रीने मॅनेजरकडे पाहिलं. मावशींनी पाहिलं. सासऱ्यांनी समोरच्या इमारतीकडे पाहिलं.

“मीटिंगच्या टेबलावर चार टेकू मांडून, वर फरशी ठेवून मी स्वतः उभा राहिलो होतो,” मॅनेजर म्हणाले. “पाणसळ लावली. बुडबुडा अगदी मधोमध होता.”

“टेबलावर आम्ही बादली ओतत नाही, साहेब,” मावशी म्हणाल्या.

मॅनेजरनी घसा साफ केला. “असो. झालं गेलं. मिस्त्री, फिरकीचे मागवा, उद्या कामाला लागा.”

“आधी लिहून द्या,” मिस्त्री म्हणाला. “चोरी झाली नाही, आणि टेकू कोणी निवडले, ते.”

“एवढाही विश्वास नाही?”

“कालपर्यंत होता.”

मॅनेजरनी कठड्यावर कागद ठेवून लिहिलं, खाली सही केली. सासऱ्यांनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि माझ्या कानात म्हणाले, “पहिल्या दिवसापासून माझा याच्यावरच डोळा होता.” ते या माणसाला आज सकाळीच भेटले होते.

मिस्त्रीने कागद घडी करून खिशात घातला, खिशाचं बटण लावलं आणि सासऱ्यांना म्हणाला, “साहेब, हे टेकू काढायला आता सगळ्या फरश्या पुन्हा उचलाव्या लागणार.”

“हा मात्र खरोखर गहन प्रश्न आहे,” सासरे म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी बाह्या सरसावल्या, पहिल्या फरशीखाली हात घातले. मिस्त्रीने समोरची बाजू धरली.

“बोटं सांभाळा,” तो म्हणाला. “अजून एकोणनव्वद आहेत.”