रामटेके मॅडमचा तहानलेला ऊस

रामटेके मॅडम कुणीही चहा दिला की आधी त्याचा एक थेंब काचेवर ठेवतात, छोट्या दुर्बिणीसारखी नळी डोळ्याला लावतात, "नऊ" म्हणतात आणि मग पितात. ती नळी गोडी मोजते. नऊ म्हणजे चांगलं की वाईट, हे हडपसरच्या आमच्या सोसायटीत अजून कुणाला कळलेलं नाही.

मॅडम मूळच्या भंडाऱ्याच्या. सगळी नोकरी उसाच्या संशोधनात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर रंगाच्या बारा रिकाम्या डब्यांत ऊस लावला, स्वतः संकर करून काढलेला. त्याच्यात म्हणे एक जनुक भारी काम करतं. पाणी तुटलं की ते साखर बनवून पेशींत साठवतं आणि ऊस तग धरतो.

"पण मॅडम, साखर खाल्ली की मला तहान लागते. उसाला उलटं कसं?"

"तुम्ही ऊस आहात काय?"

चर्चा संपली.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने शब्द दिला होता. सहा डबे एकवीस दिवस पाण्याविना जगले, तर वाघोलीजवळच्या आपल्या शेतात ती हे वाण लावणार. नाहीतर पुढच्या महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग. डबे हलणार, ठेवायला दुसरी जागा नाही, आणि वाण तिथेच संपणार.

मॅडमचे गुडघे दुखतात, म्हणून रोज सकाळची पाहणी माझ्याकडे. सहा डब्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या; चिंधीवाले कोरडे ठेवायचे की बिनचिंधीचे, हे मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी "चिंधीवाले कोरडे" असं लिहूनच दिलं.

अकराव्या दिवशी चिंधीवाल्यांची पानं सुरळीसारखी वळली. बाराव्या दिवशी बघतो तर पानं ताठ, माती ओली! मी चक्रावलो. वॉचमनला विचारलं, टाकीचा पाइप तपासला, सख्ख्या आईवर संशय घेतला. मॅडम "असं होय" एवढंच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो, तर मॅडम चिंधीवाल्या डब्याशी वाकलेल्या. हातात पाण्याची बाटली.

"मॅडम, तुम्ही? आणि प्रयोग?"

"फसला." त्या बाटलीचं झाकण लावत बसल्या. "पानं वळली की बघवत नाही हो. नोकरीत किती झाडं वाळवली, तेव्हा काही वाटलं नाही."

"पण ऊस तगला असता ना?"

"तगलाच असता, मला माहीत आहे ना. माझा मुलगा पण फोनवर हेच म्हणतो, आई, तू राहशील एकटी, तुझं काही अडायचं नाही. राहता येतं म्हणून काय राहायला लावायचं?"

"मग त्या शेतवाल्या बाईंना काय सांगणार?"

"खरं ते सांगीन. पाणी घातलं म्हणून."

मला फार वाईट वाटलं. वाणाचं की मॅडमचं, ते मात्र कळेना.

"आज आमच्याकडे जेवायला या," मी म्हणालो.

"काहून? सकाळचा भात आहे माझा," असं म्हणत त्या कठडा धरून जिना उतरू लागल्या. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, आमचं तिसऱ्या. तिसऱ्यावर त्या थांबल्या, दम लागल्यासारखं केलं आणि आमच्या दाराबाहेर चपला काढल्या.