साबूची परवानगी

मेश्राम साहेब भाजीच्या गाडीवर टोमॅटो दाबून बघत नाहीत. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, टोमॅटो न दाबता घेणारा दुसरा माणूस मी अख्ख्या दिल्लीत पाहिलेला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते गाडीपासून हातभर लांब उभे राहतात आणि म्हणतात, "भैया, आप ही चुन दीजिए." मग काय, भैया चुनतोच! उरलासुरला सगळा पिचका माल साहेबांच्या पिशवीत. शोभाताई होत्या तेव्हा तीच पिशवी घेऊन खाली जायच्या आणि भैयाची अशी काही हजेरी घ्यायच्या की आम्ही मुद्दाम बाल्कनीत येऊन ऐकायचो.

मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत आमची दारं समोरासमोर. आम्ही वानखेडे, नागपूरचे, ते चंद्रपूरकडचे. सकाळी लिफ्टपाशी 'जय भीम' व्हायचा, तोसुद्धा अंतर राखून. माणूस सज्जन. केंद्र सरकारात उपसचिव होऊन निवृत्त झालेला. पण हस्तांदोलन नाही, पाठीवर थाप नाही, लहान पोरांच्या गालाला हात नाही. आयुष्यात बेधडक हातात घेतली असेल तर ती फक्त सरकारी फाइल. यांनी लग्नात शोभाताईंना हार तरी कसा घातला असेल, असं मला नेहमी वाटायचं. एकदा मी विचारलंच. शोभाताई म्हणाल्या, "लांबून. नेम चांगला आहे त्यांचा."

मागच्या हिवाळ्यात शोभाताई गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेलेली बाई परत आलीच नाही. घरात उरले साहेब आणि साबुदाणा.

साबुदाणा म्हणजे शोभाताईंचा कुत्रा. शी त्झू जातीचा, पांढराशुभ्र, केस जमिनीला टेकलेले. तोंड कुठलं आणि शेपूट कुठली, हे तो चालायला लागल्यावरच कळायचं. हाक मारायची ती साबू म्हणून. शोभाताई रोज संध्याकाळी टीव्ही बघता बघता त्याला मांडीवर घेऊन विंचरायच्या. साहेबांचा त्याच्याशी संबंध खायला घालण्यापुरता, फिरवण्यापुरता आणि बोलण्यापुरता. बोलणंही हिंदीत, आणि 'आप' म्हणून. "साबूजी, चलिए." ऑफिसातल्या चपराशालाही ते 'आप'च म्हणत, त्यामुळे कुत्र्याला वेगळा न्याय लावायचा प्रश्नच नव्हता.

शोभाताई गेल्यावर साबूच्या केसांत गाठी व्हायला लागल्या. साहेबांनी त्याला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं. तिथल्या माणसानं मान दाबून धरली आणि खसाखसा विंचरायला सुरुवात केली. साबू त्याला कडकडून चावला. त्या दिवसापासून ब्रश दिसला रे दिसला की साबू पलंगाखाली.

मग साहेबांनी ते केलं, जे फक्त आपल्यातलाच माणूस करू शकतो. केसांत गुंता झाला, आता उपाय काय? खोबरेल! आपल्या आयांनी आपल्या डोक्यांवर दुसरं काय केलंय? पण साहेब हात लावणार नाहीत. त्यांनी वरणावर फोडणी ओतावी तसं चमच्यानं, वरून, अर्धी बाटली तेल साबूवर सोडलं. साबू जो सुटला तो थेट गच्चीवर जाऊन लोळला. दिवाळीनंतरची दिल्लीची धूळ तुम्हाला माहीतच आहे. थोड्या वेळानं मी घराचं दार उघडलं आणि किंचाळले. मला वाटलं, कुणीतरी पोतेरं टाकून गेलंय. तेवढ्यात पोतेऱ्यानं शेपूट हलवली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अंकल, ये क्या किया आपने?" त्यांचं म्हणणं असं की गाठींनी कातडी ओढली जातेय, चालतानाही दुखत असणार. बेशुद्ध करून सगळे केस काढता येतील, पण वय झालंय, हृदय अशक्त आहे, धोका आहे. नाहीतर घरीच रोज थोड्या थोड्या गाठी बोटांनी सोडवायच्या आणि विंचरायचं. हे कळल्यावर बंगळुरूहून अमितचा, म्हणजे साहेबांच्या मुलाचा, फोन आला. "पप्पा, हे तुमच्याच्यानं होणार नाही. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला मी येतोच आहे. तेव्हा साबूला नोएडाला पोचवतो. माझ्या मित्राच्या बहिणीकडे असलीच दोन आहेत, तिला जमतं सगळं."

साहेबांनी मला हे सरकारी आवाजात सांगितलं. "प्रकरण विचाराधीन आहे, वहिनी." मग चष्मा काढून उगाच पुसत राहिले. "तो पण गेला तर मी घरात बोलू कुणाशी?"

मी म्हटलं, चला, लागू या कामाला.

काम गच्चीवर, दुपारच्या उन्हात. पहिल्या दिवशी साहेब पंखे पुसायच्या लांब दांड्याला ब्रश बांधून घेऊन आले. मी म्हटलं, "साहेब, कुत्रा विंचरताय की जळमटं काढताय?" दांडा गेला. मग साहेबांनी स्वतःची पद्धत काढली. ब्रश सतरंजीवर ठेवायचा, शेजारी पनीरचा तुकडा. साबू यायचा, ब्रशकडे संशयानं बघायचा, पनीर खायचा आणि जायचा. "आज फक्त दर्शन," साहेब म्हणायचे. ते दर्शन इतकं लांबलं की मला पनीरचाच कंटाळा आला. मग ब्रश हातात धरायचा आणि पनीर. मग ब्रशची पाठ नुसती अंगाला टेकवायची आणि पनीर. प्रत्येक वेळी आधी विचारायचं, "साबूजी, परवानगी है?" साबूनं मान फिरवली की ब्रश ताबडतोब खाली. "नामंजूर. उद्या पुन्हा सादर करू."

गच्चीवर उन्हात स्वेटर विणत बसलेल्या बायकांना हा फुकटचा तमाशा. "अंकलजी, पकड़ के कर दो ना, दो मिनट का काम है!" पुण्यानुमोदन जवळ येत चाललं होतं आणि एक दिवस माझाही तोल सुटला. "अहो, धरा आणि विंचरा की! कुत्रा आहे तो, कॅबिनेट सेक्रेटरी नाही!"

साहेबांनी ब्रश खाली ठेवला.

"आमच्या गावात एक दुकान होतं, वहिनी. मी लहान होतो, शाळेतही जात नव्हतो. गोळ्यांची काचेची बरणी होती, उन्हात चमकत होती. मी तिला हात लावला. दुकानदार मारायला धावला नाही की ओरडला नाही. त्यानं बरणी उचलली आणि माझ्यासमोर सगळ्या गोळ्या गटारात ओतल्या. आई मला घरी घेऊन आली आणि म्हणाली, बाळा, हात मागे ठेवत जा." मग म्हणाले, "पुढे शिकलो, साहेब झालो, सगळं बिल्कुल ठीक झालं. हात काही पुढे येत नाहीत. शोभा हसायची. मग म्हणायची, राहू द्या, मीच येते पुढे."

मी संत्रं सोलत होते. असल्या गोष्टी आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांकडून पुष्कळ ऐकल्यात. पण इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलेल्या या माणसाकडून ऐकलं आणि मला त्या दुकानदाराचा असा संताप आला की हातातल्या संत्र्याचा चेंदामेंदा झाला.

"मेला असेल मेला आतापर्यंत!" मी म्हटलं.

"असेल," साहेब म्हणाले. "गोळ्या लिंबाच्या होत्या." मग साबूकडे बघून म्हणाले, "याची मान धरली त्या माणसानं. आता हातावर विश्वास बसायला वेळ लागेल. याला पण आणि मला पण."

त्यानंतर मी घाई करायचं नाव काढलं नाही. बायका बोलायला लागल्या की त्यांनाच गप्प करायचे.

आणि एका दुपारी साबू आपण होऊन साहेबांच्या मांडीवर चढला. साहेबांचे दोन्ही हात हवेत, कुणी बंदूक रोखल्यासारखे. "वहिनी, आता?"

"आता काय? ठेवा खाली!"

हात उतरायला केवढा वेळ! आधी एक बोट टेकलं, मग पंजा. साबूनं सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले.

"गरम आहे," साहेब म्हणाले. "याचं पोट किती गरम आहे, वहिनी!"

मी संत्र्याची सालं गोळा करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. रडू आलं होतं, दुसरं काय.

मग बोटं कामाला लागली. गाठीच्या मुळाशी केस चिमटीत धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. आणि मग टोकाकडून एकेक केस मोकळा करत यायचं. काही गाठी कापाव्या लागल्या, कानामागे जरा टक्कल पडलं. चुकून ओढ बसली की साहेब "सॉरी, सॉरी साबूजी" म्हणत थांबायचे. हळूहळू पोतेऱ्याचा पुन्हा साबुदाणा झाला.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी अमित आला, तो हातात कुत्रा न्यायचा पिंजरा घेऊनच. मी भाजी द्यायला म्हणून गेले होते, खरं तर काय होतंय ते बघायला. साबू सोफ्यावर पसरलेला.

"अरे वा! कुठलं पार्लर?"

"मी केलं," साहेब म्हणाले.

अमित हसला. त्यानं ब्रश उचलला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत एकदाच सरळ ओढला. साबू गुरगुरला. "बघा पप्पा, म्हणून म्हणतोय की..."

"तसं नाही," साहेब म्हणाले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटलं, ब्रश काढून घेतील. त्यांनी अमितचा हात धरला. "इथे मुळाशी धर. आता टोकाकडून ये. हळू. त्याला कळतं."

एवढा मोठा घोडा झालेला पोरगा, पण कुत्र्याकडे बघेचना. आपल्या हातावरच्या बापाच्या हाताकडे बघत बसला. साबू मान टाकून पडून राहिला. बराच वेळ दोघांचे हात एका ब्रशवर वरून खाली जात राहिले.

"आई गेली त्या दिवशी तू दारात उभा होतास," साहेब मान वर न करता म्हणाले. "तुला जवळ घ्यायचं होतं मला. जमलं नाही रे."

अमितनं पायानं पिंजरा लांब सरकवला. म्हणाला, "नोएडाला नको पप्पा. राहू दे याला इथेच." आणि मग जरा वेळानं, "झालं याचं. इथे गाठ नाहीये."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले, आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला.