जन्मवाराचा रकाना

अर्जातला नववा रकाना येईपर्यंत हेमचंद्र सबनीसांचा संसार सुरळीत चालला होता.

अर्ज घानाच्या सहलीचा होता. आठ दिवस, गाइडसह, संस्कृती आणि वारसा. दुबईच्या अल बर्शातल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींचं जॉर्जिया झालं होतं, अर्मेनिया झालं होतं, आणि बाकूला तर लोक कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावी तसे जाऊन येत होते. मृणालिनीबाईंना अशा देशात जायचं होतं, ज्याचं नाव ऐकून मंडळाच्या बायका आधी नकाशा उघडतील. तसं त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर जाहीरही करून टाकलं होतं.

सहलीचा गाइड क्वाबेना बोआटेंग अर्ज भरून घ्यायला घरी आला होता. माणूस कुमासीचा, पण पंधरा वर्षं दुबईत भारतीयांबरोबर एकाच खोलीत राहिल्यामुळे सबनीसांपेक्षा बरं हिंदी बोलायचा. त्याच्या पुढ्यात चहा आणि चकल्या होत्या.

"सर, कॉलम नाइन. आप किस दिन पैदा हुए?"

"फर्स्ट जून."

"डेट नहीं सर. वार. गाँव में चीफ सब मेहमानों को नाम देंगे. नाम वार से आता है. मैं मंगलवार का, इसलिए क्वाबेना. मेरा भाई शुक्रवार का, तो कोफी. वो नाम केन्टे कपड़े के पट्टे में बुनेंगे. वीवर को आज ही भेजना है."

"गुरुवार लिहा," मृणालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "गुरुवारचं काय नाव असतं हो?"

"याव."

सबनीसांना नाव फारसं रुचलं नाही. आपण दारात उभे आहोत आणि आतून कुणीतरी "यावं, यावं" म्हणतंय, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात सोफ्यावर पालथ्या पडलेल्या मिहिकानं फोनमधून डोकं वर काढलं. "बाबा, फर्स्ट जून सिक्स्टी-सिक्स वॉज अ वेन्सडे."

"अगं, ती शाळेतली तारीख. हेडमास्तरांनी टाकलेली. आमच्या वर्गात छत्तीस मुलं एक जूनला जन्मली होती."

"दॅट्स मेडिकली इम्पॉसिबल."

"इस्लामपुरात शक्य होतं."

मृणालिनीबाई कपाटातून पत्रिका घेऊनच आल्या. सतरा नोव्हेंबर एकोणीसशे सहासष्ट, गुरुवार. या गुरुवारच्या जोरावर त्यांनी लग्न झाल्यापासून नवऱ्याला गुरुवारचा उपास धरायला लावला होता. सिलिकॉन ओएसिसमधल्या सबनीसांच्या ऑफिसात बिर्याणी दर गुरुवारीच यायची. एकतीस वर्षं तो माणूस साबुदाण्याची खिचडी खात बिर्याणीचा वास घेत होता.

बोआटेंगनं पासपोर्ट पाहिला, पत्रिका पाहिली, आणि पेन खाली ठेवलं. "एक आदमी, दो बर्थडे? सर, चीफ के सामने कागज नहीं चलता. जो घर में हाजिर था, उसको पूछो."

जन्माच्या वेळी हजर असलेल्यांपैकी आता एकट्या गिरिजाआत्या उरल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम इस्लामपूर. मृणालिनीबाईंनीच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आत्यांचा एक कान आणि छतावरचा पंखा दिसू लागला.

"आत्या, मी कुठल्या वारी जन्मलो?" सबनीसांनी विचारलं.

"शनवारी की! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. अख्ख्या गल्लीत लक्ष्मी आली, आणि आमच्याकडं तू आलास."

"पण पत्रिकेत गुरुवार आहे."

"ते तुझ्या बापाचं काम. शनवार, त्यात अमावास्या! असल्या पोराला पोरगी कोण देणार? मग काढला पाच दिवस पुढचा मुहूर्त. चांगली पंचमी बघून लिहिलं. ही नाही ना रे तिथं?"

"आहे," मृणालिनीबाई म्हणाल्या. "फोन मीच धरलाय."

कान गेला, थोडा वेळ नुसता पंखा फिरला, मग पंखाही गेला.

"सैटरडे!" बोआटेंग आनंदानं म्हणाला. "तो आप क्वामे! बहुत बढ़िया नाम, सर!"

सबनीसांच्या डोळ्यांसमोरून मात्र सोळाशे बारा गुरुवार आणि तेवढ्याच बिर्याण्या चालल्या होत्या.

"एकतीस वर्षं," मृणालिनीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी दुसऱ्याच माणसाशी संसार केला."

"अगं, मीच होतो तो."

"पत्रिकेप्रमाणे नव्हतात! अठ्ठावीस गुण जुळले होते आपले. अठ्ठावीस! ते कुणाचे?"

मिहिकानं तोवर कुठल्याशा ॲपमध्ये नवी तारीख घातलीसुद्धा. "इलेव्हन," ती म्हणाली. "आउट ऑफ थर्टी-सिक्स. आई, दॅट्स अ फेल."

त्यानंतर पाच मिनिटांत मृणालिनीबाईंनी बरेच निर्णय घेतले. अकरा गुणांवर आपण समुद्र ओलांडणार नाही. ओलांडलाच, तर खोली वेगळी हवी. पुण्याला गुरुजींना पत्रिका दाखवून तिची शांती करून घेतल्याशिवाय या माणसाच्या शेजारच्या सीटवरही बसणार नाही. पण ग्रुपवर सत्तावन्न जणींनी टाळ्यांचे हात पाठवून झाले होते, आणि आता न जाणं म्हणजे जन्मभर बाकू ऐकणं.

"मैडम, आपका वार?" बोआटेंगनं भीत भीत विचारलं.

"शुक्रवार! माझी पत्रिका अण्णांनी स्वतःच्या हातानं मांडली. कोर्टात शिरस्तेदार होते ते. आमच्याकडे असले धंदे नाहीत."

"गवाह कोई?"

"आहे ना. माझा मोठा भाऊ. मधूदादा. आत्ता विचारते, आणि गुरुजींचंही बघायला सांगते."

त्या फोन घेऊन बेडरूममध्ये गेल्या. दार बंद झालं. आतून आधी मोठ्यानं "काय?" ऐकू आलं. मग जरा हळू "काय?" मग काहीच नाही. वीस मिनिटं गेली. बोआटेंगच्या चकल्या संपल्या.

बाई बाहेर आल्या त्या पदरानं चष्मा पुसतच. "हे पत्रिकाबित्रिका सगळं थोतांड आहे," त्या म्हणाल्या.

सबनीसांनी चहाचा कप खाली ठेवला. मिहिका उठून बसली.

"माणूस बघावा. वार काय बघायचाय? विसाव्या शतकातली माणसं आपण, शिकलेली."

"ट्वेंटी-फर्स्ट, आई."

"तेच ते. आणा तो अर्ज."

त्यांनी भिंतीकडे तोंड करून नववा रकाना भरला, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि बोआटेंगच्या हातात ठेवला. "सीधा वीवर को देना. बीच में कोई नहीं देखेगा."

बोआटेंगनं घडी उघडून पाहिली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"खलास," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यानं ते मिटलं.

खोली वेगळी लागली नाही. सहल उत्तम झाली. केप कोस्टच्या किल्ल्यातल्या गुलामांच्या कोठड्या पाहून आल्यावर तर दुबईहून आलेली बारा माणसं संध्याकाळभर कुणाशी भांडली नाहीत. सहाव्या दिवशी कुमासीजवळच्या गावात नामकरण होतं. मोठ्या छत्रीखाली चीफ बसले होते, आणि त्यांच्या वतीनं बोलणारा, हातात सोनेरी काठी घेतलेला एक उंच म्हातारा पुढे उभा होता. तो प्रत्येकाला वार विचारायचा आणि अख्ख्या गावासमोर मोठ्यानं उत्तर मागायचा.

"सॅटरडे," सबनीस म्हणाले. गाव ओरडलं, "क्वामे!" गळ्यात पट्टा पडला. त्यांना आवडलं. इतक्या लोकांनी शनिवारबद्दल आनंद व्यक्त केल्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

मग मृणालिनीबाई स्टुलावर बसल्या. म्हाताऱ्यानं विचारलं. त्या पुटपुटल्या. त्यानं कानाला हात लावला.

"सॅटरडे!" बाई ओरडल्या.

"आमा!" गाव ओरडलं. पट्ट्यावरही तेच होतं, पिवळ्या धाग्यात.

फोटोसाठी दोघांना शेजारी उभं केलं, तेव्हा सबनीस ओठ न हलवता म्हणाले, "शुक्रवार कुठे गेला?"

"अण्णांनी सरकवला होता."

"का?"

"मंगळ होता मला."

"सौम्य?"

"कडक."

लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना बायकोची भीती वाटत आली होती, आणि एकतीस वर्षं ते समजत होते की दोष आपल्या स्वभावातच आहे. आता खांद्यावरून मणभर ओझं उतरावं तसं त्यांना वाटलं. त्यांनी छाती पुढे काढली आणि खुदकन हसले.

"ओठ मिटा," मृणालिनीबाई म्हणाल्या. "फोटो ग्रुपवर जाणार आहे."

त्यांनी ताबडतोब मिटले.