बंड्याचं जॅकेट आणि पडवळ मास्तर

गिऱ्हाईक कुत्री असेल, तर पडवळ मास्तर छातीचं माप घेताना तोंड भिंतीकडे फिरवतात. टेप मालकिणीच्या हातात देतात आणि म्हणतात, "ताई, तुम्हीच लावा. आकडा सांगा फक्त." कुत्रा असेल तर माप स्वतः घेतात, पण आधी खाकरतात. पस्तीस वर्षं आमच्या कोपरीत बायकांचे ब्लाउज शिवलेत त्यांनी. ही रीत आता जायची नाही.

हो, मास्तर कुत्र्यांचे कपडे शिवतात. झालरी-बिलरी लावलेले हौसेचे नाहीत हं. भित्र्या कुत्र्यांसाठी अंगाबरोबर बसणारी जॅकेटं. छातीपोटावर मऊसा दाब राहिला की फटाक्यांना, ढोलाला बरीच कुत्री कमी घाबरतात म्हणे. एका बाईंच्या लेकीने परदेशातून असं जॅकेट पाठवलं, ते त्यांच्या गावठी कुत्र्याला काखेत काचायला लागलं, म्हणून त्या मास्तरांकडे अल्टर करायला आल्या. रेडिमेडपायी मास्तरांचं दुकान तेव्हा बंद पडलेलं, मशीन घरातच धूळ खात होतं. मास्तरांनी जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं आणि निकाल दिला, "हा तर ब्लाउजच आहे हो! फक्त घालणारी चार पायांवर."

तेव्हापासून सुरू. लॅब्रेडॉरला विचारतात, "गळा खोल नको ना?" मालकाला सांगतात, "आत दोन इंच मार्जिन सोडलंय, फराळ अंगी लागला तर उसवून देईन." मापाच्या वहीत लिहिलेलं मी स्वतः वाचलंय: 'टायगर, छाती अठ्ठावीस, स्वभाव घाबरट. मालक त्याहून.' आणि जॅकेट चढवलं की दोन बोटं आत सरकवून बघायची, श्वासाला जागा आहे ना, आणि म्हणायचं, "फिटिंग बसलं की जीव भांड्यात!"

सगळं उत्तम. पण वेळ? वेळेच्या नावाने नुसती बोंब. माझ्या लग्नातला शालूवरचा ब्लाउज मंगलाष्टकांच्या दहा मिनिटं आधी कार्यालयात आला. घेऊन आलेले मास्तर वर मलाच म्हणाले, "ताई, तुम्ही फार घाई करता."

तरी मी बंड्याचं जॅकेट त्यांच्याचकडे टाकलं. बंड्या म्हणजे आमचा गावठी, अठरा किलोंचा, बसच्या अंगावर धावून जाणारा. पण सुतळी बॉम्ब वाजला की संपला. मागच्या लक्ष्मीपूजनाला उघड्या दारातून जो पळाला, तो तिसऱ्या दिवशी खाडीपलीकडे कळव्याला सापडला. पायांची सालं निघालेली. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. यंदा पळाला तर परत मिळायचा नाही, ही धास्ती मला श्रावणापासूनच होती.

म्हणून गणपतीतच माप देऊन आले. नवरात्रात विचारलं, "कापड भिजवलंय, आटू दे की." दसऱ्याला, "कातरलंय." वसुबारसेला, "फक्त वेल्क्रोची चिकटपट्टी राहिली." धनत्रयोदशीला, "उद्या नक्की." आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फोनवर म्हणतात, "संध्याकाळी त्यालाच घेऊन या ना, ट्रायल बघू."

ट्रायल! संध्याकाळी पहिली लड लागली आणि बंड्या दिवाणाखाली घुसून मुतला. मी त्याला चादरीत गुंडाळला, उचलला आणि तरातरा निघाले. आज मास्तरांची सालटीच काढते म्हटलं.

दार उघडून बघते, तर आत माणसंच माणसं. पाच कुत्री भिंतीला ओळीने बसलेली, हळदीकुंकवाला बायका बसाव्यात तशी. प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या दोऱ्याने कच्चं टाचलेलं जॅकेट. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, पंखा फुल्ल. मालक मंडळी भांडायलाच आली असणार, पण आता सगळ्यांच्या हातात चकली.

मास्तरांनी बंड्याला माझ्या हातून घेतला, टाचलेलं जॅकेट चढवलं, दोन बोटं आत घातली. "श्वास घ्या, साहेब." बाहेर माळ कडाडली. बंड्या थरथरला, पण पळाला नाही. हळूहळू थरथर कमी झाली आणि त्याने माझ्या पावलावर मान टाकली. मला भांडायचं होतं हो, पण रडूच आलं.

"टाका कच्चा आहे हं, कुणी हलू नका. पाच मिनिटांत पक्का मारतो," म्हणत मास्तर चहा टाकायला गेले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा घोडबंदर रोडला राहतो. "ट्रॅफिक? मग राहू दे रे, कशाला येतोस! मला तरी कुठे वेळ आहे? घर भरलंय नुसतं. अरे, गिऱ्हाईकं! सोडतच नाहीत मला." शेवटचं वाक्य जरा मोठ्याने बोलले.

मग मला म्हणाले, "ताई, कपाटातून बशा काढा." मी चुकीचं दार उघडलं. आत सहा जॅकेटं. पक्की शिवलेली, चिकटपट्टी लावलेली, इस्त्री केलेली. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. तिसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'बंड्या. तयार. घटस्थापना.'

मला राग यायला हवा होता. आला नाही. मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, जाऊन चार वर्षं झाली, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात चार माणसं असावीत म्हणून या माणसाने वेगळी कच्ची जॅकेटं टाचली होती आणि महिनाभर आमच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

मागे वळले, तर मास्तर चहाचा ट्रे धरून उभे. मी कुठलं दार उघडलंय ते त्यांनी पाहिलं होतं. "ताई, पाच मिनिटं..." म्हणत त्यांनी ट्रे पुढे केला.

मी कपाट लावलं. "होऊ द्या सावकाश. आम्हाला कुठे जायचंय? आणि पुढच्या वर्षीच्या जॅकेटचं माप आजच घेऊन ठेवा. न्यायला मी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीच येईन. आधी दिलंत तर घेणार नाही."

मास्तरांनी ट्रे खाली ठेवला आणि टेप शोधायला लागले. मशीनवर बघितलं, खणात बघितलं, गादीखाली बघितलं. टेप त्यांच्या गळ्यातच होती.